धुराखालचा पूल

कांदे आणायला लिनहार्ट ड्युमलर सहसा जात नसे. बाजार हे वालबुर्गाचं काम. पण त्या सकाळी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत शाईने काळे झाले होते, छापायचा कागद भिजून तयार होता आणि घरात कांद्याचं सालही उरलं नव्हतं. तेव्हा टोपली त्याच्या हातात आली. मार्च महिना होता. नदीवरून येणारा वारा गळपट्टीच्या आत शिरत होता, आणि न्युर्नबर्गच्या मोठ्या चौकात लसणीच्या मळ्यांतून आलेल्या बायका पायांशी निखाऱ्यांची मडकी ठेवून ओरडत होत्या. त्यांतली एक ओरडत नव्हती. केवळ म्हणूनच तो तिच्यापुढे थांबला. तिने आपल्या लाकडी पेटीचं झाकण उघडं टाकलं होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, चारी कोपऱ्यांना खळ लावून, एक चित्र चिकटवलेलं होतं. आलेनब्रुकचा पाडाव. अलीकडे टेकडी, मध्ये नदी, पलीकडे गावाची तटबंदी, वर फीत धरलेले दोन देवदूत आणि फितीवर काउंट राउनश्टाइनचं नाव. लिनहार्टने स्वतः कोरलेलं, सव्वीस वर्षांपूर्वी.

आपलं काम असं अवचित समोर आलं की त्याला अजूनही लहान मुलासारखा आनंद होई. "हे माझं आहे, बाई," तो म्हणाला. तिने पेटी जवळ ओढली. चोर समजली असावी. तेव्हा त्याने हसत सांगितलं की पेटी नव्हे, चित्र. आपण कोरलंय, खाली कोपऱ्यात नाव आहे बघा. तिला वाचता येत नव्हतं. पस्तिशीची असेल, अंगात पुरुषी डगला, कपाळ रुंद. चित्र कशासाठी लावलंय असं त्याने विचारलं, तर म्हणाली की ती त्या गावची. दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून हे. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मागचं गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं.

"म्हणजे तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली.

"होतो. टेकडीवर. फौजेबरोबर नकाशे काढायला."

"मग पूल रिकामा नव्हता हे तुम्हांला ठाऊक आहे."

कांदा जुना आहे की नवा हे सांगावं तशा आवाजात तिने ते सांगितलं आणि तराजू उचलला. तिने आणखी काही तरी बोलावं म्हणून तो उभा राहिला, पण तिने टोपलीत कांदे ओतले आणि मागच्या गिऱ्हाइकाला मान हलवून पुढे बोलावलं. वळण्याआधी त्याने झाकणाकडे पुन्हा पाहिलं. चित्रातला पूल खरंच रिकामा होता. त्याने तो रिकामा काढला नव्हता. त्याने त्यावर धूर काढला होता, दाट, वळ्यावळ्यांचा, अख्खा पूल झाकून टाकणारा धूर. या कागदावर धुराच्या जागी दोन-चार फिकट वळसे तेवढे शिल्लक होते, आणि त्यांतून पुलाचे लाकडी कठडे, फळ्या, टोकाचा दरवाजा, सगळं स्वच्छ दिसत होतं. माणूस मात्र एकही नाही.

चालता चालता त्याला कारण कळलं. कळायला हवंच होतं, आयुष्यभर तो हेच करत आला होता. तांबं झिजतं. दर वेळी पत्र्यावर शाई चोळा, पुसा, दाबाखालून काढा, की तांबं केसभर झिजतं, आणि सर्वांत आधी जातात त्या नाजूक रेघा. भिंती राहतात, देवदूत राहतात, काउंटचं नाव तर अजून शंभर वर्षं राहील. धूर जातो. ज्या धुरामुळे तो लिनहार्ट ड्युमलर झाला तो धूर. न्युर्नबर्गमध्ये, आउग्सबुर्गमध्ये, पार फ्रांकफुर्टच्या पुस्तकजत्रेपर्यंत त्याला 'धुराचा लिनहार्ट' म्हणत. वेढा कुणीही कोरो, जळती शहरं आली की पत्रा त्याच्याकडे येई. धूर कसा वळतो, कुठे फुटतो, उजेड त्याच्या पोटात कसा अडकतो हे त्याच्याइतकं कुणाला जमत नाही असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं. विशीतला लिनहार्ट त्या टेकडीवर एका फळीसमोर बसला होता. हवा इतकी निवळ होती की पलीकडच्या काठावरच्या बदकांच्या माना दिसत होत्या. वारा पाठीमागून वाहत होता, गावातला जाळ दूर रानाकडे लोटत होता. पुलावर धुराची एक रेघही नव्हती. लोक गावातून पुलावर धावले, टेकडीकडच्या टोकाचा दरवाजा फौजेने आधीच घेतला होता आणि तो बंद होता, आणि मागून आणखी लोक येतच होते. त्याने ते सगळं काढलं. टाकाच्या टोकाने, एकेक टिंब आणि टिंबाखाली एक फराटा, म्हणजे एक माणूस. मग कप्तान आला, खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, "हे काय, मुंग्या? इथे धूर टाक. काउंटसाहेबांना भिंती दाखवायच्यात. धूर नेहमी शोभून दिसतो." आणि त्याने धूर टाकला.

पण घराकडच्या गल्लीत वळताना तो थबकला तो कप्तानामुळे नव्हे. कप्तानाची गोष्ट तो स्वतःला कितीदा तरी सांगत आला होता. ती सांगून सांगून गुळगुळीत झालेली, तिच्यावर बोट फिरवलं तर काही टोचत नसे. टोचलं ते दुसरंच. त्या दिवशी टेकडीवर त्याला आनंद झाला होता. टाकाला शाई नेमकी लागत होती, हात हलका पडला होता, दूरची माणसं इतक्या कमी रेघांत उभी करता येतात हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याने मध्येच दोनदा टाक तासला होता. डाव्या हातात राईचा पाव होता, डुकराची चरबी लावलेला, वर जाड मीठ. त्या मिठाचा कण दाढेत कडकन फुटला होता आणि त्याच क्षणी कठड्याचा एक भाग सुटून पाण्यात गेला होता. आवाज आला नव्हता, अंतर फार होतं. त्याला मिठाचा आवाज ऐकू आला होता.

घरी टेबलावर कापडात गुंडाळलेला पत्रा पडला होता. सिक्स्टुस गाब्लरच्या माणसाने तो दोन दिवसांपूर्वी आणून टाकला होता; लिनहार्टने अजून सोडलाही नव्हता, कारण आत काय आहे ते माहीत होतं. आलेनब्रुकचाच पत्रा. गाब्लर चित्रांचा प्रकाशक, शहरातला मोठा. काउंटच्या मुलाला वडिलांच्या विजयाचं चित्र पाहुण्यांना वाटायचं होतं, तीनशे प्रती हव्या होत्या, आणि गाब्लरचा निरोप एका ओळीचा होता: धूर विरलाय, पुन्हा कोरून दे. आठवड्याभराचं काम. लिनहार्टने कापड सोडलं. तांबं खिडकीतल्या उजेडात लालसर झालं. पत्र्यावर सगळं उलट असतं; कागदावर डावीकडून उजवीकडे जाणारा पूल इथे उजवीकडून डावीकडे जात होता. त्याने अंगठा धुरावरून फिरवला. काही लागलं नाही. गुळगुळीत. कठडे मात्र बोटाला लागले.

त्याने टोपली खाली ठेवली तेव्हाच त्याचं ठरलेलं होतं. पुढे वालबुर्गाने त्याला बऱ्याचदा विचारलं की नेमकं केव्हा ठरलं, आणि तो खरं तेच सांगायचा, टोपली खाली ठेवताना. त्यात काही धाडस वाटलं नाही. तहान लागल्यावर पाणी प्यायचं ठरवावं लागत नाही, तसं. "मी हा धूर कोरणार नाही," तो म्हणाला.

वालबुर्गा दाबयंत्राच्या चाकापाशी उभी होती. ती त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तो तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कारखान्यात कारागीर म्हणून आला होता. नवरा प्लेगात गेला, आणि कारखाना, यंत्र, विधवा असं सगळं एकदमच लिनहार्टच्या पदरात आलं, या शहरात तशीच रीत. लग्नाला वीस वर्षं झाली तरी मालकिणीशी अदबीने बोलायची सवय त्याच्या जिभेवरून गेली नव्हती. तो तिला तुम्ही म्हणे, ती त्याला तू. छापायचं काम ती करी. शहरात इतके मजबूत खांदे असलेली बाई दुसरी नव्हती.

"कांदे चांगले आणलेस," ती म्हणाली. मग, "का नाही कोरणार?"

त्याने सांगितलं. बाजार सांगितला, टेकडी सांगितली, पाव आणि मीठसुद्धा सांगितलं. वीस वर्षांत ही गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती. ती ऐकत तिच्या यंत्रावरचा पत्रा पुसत राहिली, आधी फडक्याने, मग तळहाताने, शेवटची शाई काढायला तळहातच लागतो. त्याचं संपल्यावर तिने एवढंच विचारलं की नाही कोरणार तर मग काय करणार. तो म्हणाला की दुसरा पत्रा घेणार, याच मापाचा, आणि जे होतं ते काढणार.

"गाब्लर तुला पुन्हा दारात उभा करणार नाही."

"नाही करणार."

"तो नाही म्हणाला की बाकीचेही नाही म्हणतील. आणि तू सत्तेचाळीसचा आहेस, लिनहार्ट. जवळचं बघायला तुला दोन भिंगं लागतात."

"दोन आहेत माझ्याकडे."

ती चाकाकडे वळली. पुढचे तीन दिवस जेवण पुढे ठेवी, कांद्याचा रस्सा, काळा पाव, आणि पाठ वळवून बसे. चौथ्या दिवशी तिने लोहारगल्लीतून नवा पत्रा आणून त्याच्या टेबलावर ठेवला. "तांबं चांगलं बघून घेतलंय," ती म्हणाली. "तू घेतला असतास तर पातळ आणला असतास."

गाब्लरकडे तो जुना पत्रा घेऊन स्वतः गेला. माणसाबरोबर पाठवता आला असता, पण तसं केलं तर गोष्ट चोरीची वाटली असती. सिक्स्टुस गाब्लर वाईट माणूस नव्हता. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत, निम्मं शहर उपाशी असताना, त्याने लिनहार्टला संतांची छोटी छोटी चित्रं कोरायला देऊन जगवलं होतं, आणि ते लिनहार्ट विसरला नव्हता. म्हणूनच त्या खोलीत उभं राहणं जड गेलं. गाब्लरने पत्रा उजेडाकडे तिरपा धरला, काहीच केलेलं नाही हे पाहिलं, आणि त्याला वाटलं की लिनहार्टला पैसे वाढवून हवेत. तसं नाही हे कळायला वेळ लागला. कळल्यावर तो चिडला नाही. त्याने खुर्ची दाखवली. लिनहार्ट बसला नाही.

"हे बघ," गाब्लर म्हणाला, "माझाही भाऊ त्या युद्धात गेला. कुणाचं गेलं नाही? बारा वर्षं झाली शांतता होऊन. लोकांना भिंतीवर लावायला चित्र पाहिजे, रडायला नको. तू नाही कोरलंस तर दुसरा कोरेल."

"त्याला कोरू द्या. त्याने तो पूल पाहिलेला नाही."

"आणि तू सव्वीस वर्षं गप्प होतास, ते?"

लिनहार्टने टोपी घातली. गाब्लर मान वळवून कागद चाळायला लागला. जिना उतरताना लिनहार्टच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटत नाहीये. हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. नव्हतं वाटत. फक्त पाय नीट पडत होते.

पूल आठवत होता, पण लांबून. टिंबं आणि फराटे. कोण होतं ते टिंब? गुरुवारी तो पुन्हा कांदेवाल्या बाईकडे गेला. तिचं नाव कुनिगुंडे. त्याने काय करायचं ठरवलंय ते सांगितलं, तर तिने बाजूचं पोतं सरकवून जागा करून दिली, एवढंच. गिऱ्हाइकं येत-जात राहिली आणि मधल्या मधल्या वेळात ती बोलत राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई तिला आणि तान्ह्या भावाला घेऊन पुलाच्या तोंडाशी आली, गर्दी पाहिली, आणि मुलीला खाली पाणचक्कीच्या दगडी पायरीवर उतरवलं. इथेच थांब, याला पलीकडे ठेवून तुला न्यायला येते. कुनिगुंडे थांबली. पायरीवरून तिला पूल खालून दिसत होता, फळ्यांच्या फटींतून पावलं दिसत होती. आधी धावणारी, मग चालणारी, मग नुसती उभी असलेली. पावलांवरून तिने माणसं ओळखली होती. भट्टीवाल्याची पावलं पिठाने पांढरी. सुईणबाईंचा एक पाय आत वळलेला. मोहरीवाल्या दोघी बहिणी, दोघींच्या मध्ये पिसांची गादी, ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, गादीचा कोपरा फटीतून खाली आला होता. हे सगळं ती कांदे निवडता निवडता सांगत होती, सडका बाजूला, चांगला टोपलीत. लिनहार्टने काहीच लिहून घेतलं नाही. मांडीवरच्या बोटांनी तो डगल्यावर बारीक रेघा ओढत होता.

"आई उंच होती," शेवटी ती म्हणाली. "तेवढं बघा."

"चित्रात माणूस जवाच्या दाण्याएवढा असतो, बाई."

"मग जवापेक्षा जरा उंच."

वसंत आला आणि गेला. लिनहार्टने पत्र्यावर काळं मेण चढवलं, दिव्यावर धुरावलं, आणि सकाळी उजेड खिडकीत आला की तो जाईपर्यंत वाकून बसू लागला. जो आनंद टेकडीवर झाला होता तोच पुन्हा आला, जसाच्या तसा, लाज न बाळगता. सुई मेणातून गेली की खालचं तांबं चमकायचं आणि एक बाई उभी राहायची. पहिल्या दिवशी त्याने सुई खाली ठेवली आणि अंगणात जाऊन उभा राहिला. आपण पुन्हा तेच करतोय का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ विचारला. मग आत गेला. आनंद जायचा तेव्हा जाईल, त्याच्यासाठी माणसं थांबवायची नाहीत, एवढंच त्याला समजलं. भट्टीवाला झाला. बहिणी झाल्या, गादी झाली. पत्र्यावर सगळे डावीकडे धावत होते, दरवाज्याकडे; तो कधी कधी मध्येच आरसा लावून त्यांना उजवीकडे धावताना बघे, म्हणजे कागदावर दिसणार तसे, आणि प्रत्येक वेळी नजर आधी टोकाशी नेई, जणू आरशात तरी दार उघडं असेल. कुनिगुंडेची आई त्याने तीनदा खोडली. चौथ्यांदा तिचा एक हात वर उचललेला काढला, हातावर मूल. त्यामुळे ती उंच दिसली. मेण निघालेल्या रेघा तेजाबाने खाल्ल्या की त्या वाफेने त्याचे डोळे चुरचुरायचे, वालबुर्गा ओलं फडकं आणून त्याच्या हातात कोंबायची आणि पत्र्यावर वाकून विचारायची की हा कोण, ही कोण. सगळ्यांची नावं तिला पाठ झाली.

आभाळ त्याने कोरं ठेवलं. देवदूत नाहीत, फीत नाही, धूर नाही. ज्याने एका धुरावर नाव कमावलं त्याच्या चित्रात आभाळ नुसतं कागद होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी पहिली प्रत निघाली. तोवर गाब्लरचा पत्राही दुसऱ्या कुणी तरी नव्याने कोरला होता आणि चौकातल्या दुकानांत दोन आलेनब्रुक शेजारी शेजारी लटकले. जुन्यावरचा नवा धूर जाड होता, दोरखंडासारखा. लोक तोच घेऊन जात. लिनहार्टचं चित्र हातात घ्यायचे, जवळ न्यायचे, आणि ती टिंबं म्हणजे काय हे लक्षात आलं की परत ठेवायचे, काही जण तर बोटं डगल्याला पुसत. दुकानदारांनी आठवड्यात प्रती परत आणून दिल्या. कामं बंद झाली. कुणी भांडलं नाही, कुणी निरोपही पाठवला नाही. पत्रे यायचे थांबले, बस. हिवाळ्यात वालबुर्गा दुसऱ्यांसाठी खेळायचे पत्ते आणि स्तोत्रांचे कागद छापू लागली, आणि लिनहार्ट, धुराचा लिनहार्ट, दुकानांच्या पाट्यांसाठी पितळेवर अक्षरं कोरू लागला. एकदा जेवताना वालबुर्गा म्हणाली की हे असं होणार हे मला माहीत होतं. त्याने विचारलं की मग तांबं का आणून दिलंत. "तू गप्प बसून धूर कोरला असतास," ती पाव मोडत म्हणाली, "तर मला त्या माणसाशेजारी झोपावं लागलं असतं."

मग नाताळाआधी एक माणूस आला. कुनिगुंडेने पाठवलेला. फ्युर्टमध्ये चांभारकाम करायचा, मूळचा आलेनब्रुकचा. त्याने चित्र मागितलं, उभ्या उभ्या बराच वेळ पाहिलं आणि खाली बघत म्हणाला की भट्टीवाल्याच्या मागे आमचे मामा होते. डोक्यावर पितळी घंगाळं घेतलं होतं त्यांनी, दगडांपासून वाचायला. लिनहार्टने त्याला बसवलं आणि पत्रा काढला. तांब्याची हीच एक गोष्ट बरी. कागद संपतो, पत्रा संपत नाही, त्यात अजून एक माणूस नेहमी मावतो. दुपारपर्यंत मामा उभे राहिले, डोक्यावर घंगाळं. वालबुर्गाने एक प्रत काढून दिली, चांभाराने ती ओलीच छातीशी धरून नेली. पुढच्या महिन्यात दोघे आले. मग एक म्हातारी, सोबत सून. मग बांबेर्गहून कुणी पाद्री, त्याला आपल्या बहिणीचा चेहरा आठवत नव्हता, तिची चाल तेवढी आठवत होती, आणि त्याने लिनहार्टच्या खोलीत ती चालून दाखवली. कुणी कोंबडी सांगितली, कुणी सांगितलं की एक बाई गात होती. गाणं कसं काढायचं? त्याने तिचं तोंड उघडं काढलं, सुईच्या टोकाएवढं. कुठल्याच दोन प्रती सारख्या नव्हत्या. दर प्रतीत पूल आधीपेक्षा भरलेला असे. ज्यांनी आधी नेली ते पुन्हा येत, नवी मागत, आणि आपल्या माणसाच्या शेजारी आता कोण उभं राहिलंय ते पाहत. घरात माणसांचा राबता सुरू झाला. कुणी सॉसेज आणी, कुणी मोहरी, कुणी नुसती बातमी. वालबुर्गा कुरकुरायची की ही काय धर्मशाळा आहे का, आणि रस्शात पाणी वाढवायची.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, योर्ग नाउट नावाचा एक म्हातारा आला. टोपल्या विणायचा, बोटांना चिरा पडलेल्या. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. एका खानावळीच्या भिंतीवर त्याने चित्र पाहिलं होतं. तो बसला नाही. लिनहार्टने सवयीने विचारलं की पुलावर कोण होतं तुमचं.

"कुणी नव्हतं," म्हातारा म्हणाला. "मी दाराच्या अलीकडे होतो. फौजेत. आम्ही सहा जण." मग त्याने ते चिरलेलं बोट भिंतीवरच्या प्रतीवर ठेवलं, पुलाच्या टोकाशी. तिथे एक झाड होतं, मोठं, पानांनी भरलेलं, दरवाज्याची अलीकडची बाजू झाकणारं. "इथे झाड नव्हतं."

लिनहार्टला आधी वाटलं की हा खोटं बोलतोय. झाड त्याने जागा भरायला घातलं होतं. पुढच्या भागात काही तरी गडद लागतं, नाही तर नजर आत शिरत नाही, कुठल्याही कारागिराला विचारा. तीन वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता, सांगायची गरज पडली तेव्हा. आणि आता उभा राहून त्याला दिसलं की टेकडी याच काठावर होती. टेकडीवरून दरवाज्याची हीच बाजू समोर होती. ते सहा जण त्याने पाहिले होते, पुलावरच्या कुणाहीपेक्षा जवळून. त्यांच्यातला एक जण सकाळी त्याच्याशी पावासाठी बोलला होता. पानं त्याने किती मन लावून काढली होती. एकेक पान.

गुरुवार होता, आणि बाजार आटपून कुनिगुंडे यायची वेळ झालेली. त्याने म्हाताऱ्याला थांबायला सांगितलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. ती आली, त्याने सांगितलं. ती विहिरीच्या दगडावर बसून बुटाचा चिखल काटकीने काढत राहिली.

"त्याला काय पाहिजे?" तिने विचारलं.

"चित्रात ते सहा जण काढून हवेत. दुसरं काही मागत नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला वाटेला लावीन."

काटकी मोडली. तिने दुसरी घेतली, दुसरा बूट पूर्ण साफ केला, आणि मग उठली. "काढा," ती म्हणाली. "दार आपोआप बंद झालं असं कुणाला वाटायला नको."

आत वालबुर्गाने यंत्र थांबवलं होतं. लिनहार्टने पत्रा टेबलावर घेतला आणि खरवडणी उचलली. झाड खरवडायला बराच वेळ लागला. तांब्याचा भुसा टेबलावर पडत राहिला. जागा मोकळी झाली तेव्हा त्याने म्हाताऱ्याला सांगितलं की कसे उभे होतात ते दाखवा. योर्गने इकडे तिकडे पाहिलं. मग तो कारखान्याच्या दाराशी गेला, दाराकडे तोंड केलं आणि डावा खांदा फळीला लावला, गाल लाकडाला टेकला. दोन्ही तळवे सपाट. तो म्हातारा होता, पण दार कुरकुरलं.

कुनिगुंडे त्याच्याकडे पाहत होती. "मी ही बाजू कधी पाहिली नव्हती," ती म्हणाली, कुणाला म्हणून नव्हे. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आतलं ऐकू येत होतं?"

"हो."

"काय?"

"नावं," म्हातारा दाराला टेकूनच म्हणाला. "एकमेकांना हाका मारत होते. सगळी नावं."

"आपोलोनिया?" तिने आईचं नाव घेतलं.

तो विचार करत राहिला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, डोळे मिटून, गाल लाकडावर. मग त्याने मान हलवली, की सांगता येत नाही, फार होती. कुनिगुंडेनेही मान हलवली. टोपली तिने अजून खाली ठेवली नव्हती, ती आता ठेवली. वालबुर्गाने तिच्यासाठी स्टूल ओढलं, पण ती उभीच राहिली.

लिनहार्टने दोन्ही भिंगं एकावर एक धरली आणि वाकला.

"पाय," तो म्हणाला. "पाय कसे रोवले होते, ते दाखवा."